‘अतिक्रमण’, ‘वाटप’ आणि ‘कसणे’ : शहापूर-मुरबाडच्या भूमिहक्कांची परिभाषा

ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नाचा विचार आजवर मुख्यत्वेकरून तीन अंगांनी झालेला आहे. चळवळीच्या इतिहासाचे अंग, मानववंशशास्त्राचे अंग आणि कायद्याचे अंग. या तिन्ही अंगांनी झालेले लेखन मोलाचे आहे यात शंका नाही. तथापि या सर्व लेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. जमिनीसंबंधीचे शब्द हे केवळ वस्तूंची नावे आहेत, ते बदलले तरी वस्तुस्थिती बदलत नाही, असे ते गृहीत होय. प्रस्तुत निबंधात याच गृहीताची तपासणी करावयाची आहे. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील वनजमिनींच्या संदर्भात शासनव्यवहाराची मराठी आणि जमीन कसणाऱ्याची मराठी यांत जे अंतर पडले आहे ते उच्चाराचे किंवा प्रांतभेदाचे नसून हक्काच्या स्वरूपाविषयीचे आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

1. क्षेत्र आणि पूर्वलेखन

शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. माहुली, कसारा, डोळखांब, टोकावडे, धसई या बाजूंस महादेव कोळी, म ठाकूर, क ठाकूर, कातकरी आणि शहापूरच्या काही भागांत वारली यांची वस्ती आहे. 2014 साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, त्या वेळी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. तालुके शेजारचे, बोली जवळजवळ सारखी, शेतीची रीतही एकच. मात्र घटनात्मक स्थिती सारखी नाही. 1936 च्या आदेशान्वये शहापूर तालुका ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत गणला गेला होता. मुरबाड त्यात नव्हता. 1985 च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात शहापूर तालुका संपूर्णपणे आला, मुरबाडची मात्र काही गावेच आली. पंचायतींच्या अनुसूचित क्षेत्रांवरील विस्ताराचा 1996 चा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे 2014 चे नियम अनुसूचित क्षेत्रापुरतेच लागू असल्यामुळे, एकाच ठाकूर कुळीची दोन घरे सीमेच्या दोन बाजूंस असली तर त्यांच्या ग्रामसभांचे अधिकार भिन्न ठरतात. ‘अनुसूचित’ हा शब्द येथे माणसाला एकदा आणि भूमीला एकदा असा दोनदा लागतो, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ एक नसतो.

या प्रदेशातील जमातींवर जे ग्रंथ झाले त्यांत वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ (1934), घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ (1957) आणि लक्ष्मण नारायण चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील ग्रंथ (1960) हे अभ्यासकाला टाळता येण्याजोगे नाहीत. या परंपरेचा भर स्वाभाविकपणेच कुळी, विवाह, दैवते व चालीरीती यांवर आहे. जमिनीचा विचार तेथे ‘उपजीविका’ या सदरात येतो, ‘हक्क’ या सदरात येत नाही. उलटपक्षी, गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या ग्रंथात हक्काचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. परंतु त्याची भूमी उंबरगाव-डहाणूची असून तेथील संघर्ष जमीनदार, सावकार व वेठ यांच्याशी आहे. त्या संघर्षाचा शब्दसंग्रह समोरासमोरच्या शोषणाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या वनजमिनीवर प्रतिपक्ष असतो तो स्वतः शासन, आणि शासनाचे शस्त्र म्हणजे नोंद. वेठ डोळ्यांना दिसते, नोंद दिसत नाही. म्हणूनच वेठीविषयी जी धार मराठी लेखनात आली ती नोंदीविषयी अद्याप आलेली नाही.

2. ‘अतिक्रमण’

‘अतिक्रमण’ हा शब्द वर्णनात्मक नाही, तो निर्णयात्मक आहे. ‘अमुक मनुष्य अमुक ठिकाणी शेती करतो’ हे वर्णन झाले. ‘अमुक मनुष्याचे अमुक ठिकाणी अतिक्रमण आहे’ या वाक्यात सीमा कोणती, ती कोणी आखली आणि कोण आधी होता या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकलेली आहेत. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलांची सीमा आखली जाऊ लागली, तेव्हा त्या सीमेच्या आत आलेली शेते, राबाची झाडे, पाणवठे व स्मशाने ही नव्याने तेथे गेलेली नव्हती. सीमा त्यांच्यापर्यंत चालत आली होती. ठाणे जिल्ह्यातील राबाच्या व लाकूडफाट्याच्या सवलतींवरून एवढा असंतोष माजला की 1885 साली मुंबई सरकारला वनचौकशीसाठी आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. अर्थात हा वाद ‘अतिक्रमणा’चा नव्हता, आधीपासूनच्या वहिवाटीचा होता. 1927 च्या वनकायद्यानंतर वहिवाटीची भाषा मागे पडली आणि अतिक्रमणाची भाषा स्थिरावली.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाची वृत्ती पुष्कळदा उदार होती, परंतु तिचा शब्द बदलला नाही. 27 डिसेंबर 1978 च्या शासननिर्णयाने 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळातील अतिक्रमणे ‘नियमित’ करण्याचे ठरले. नियमित करणे म्हणजे अनियमिताला क्षमा करणे. ज्याचा हक्क असतो त्याला क्षमेची गरज नसते. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर ही वाटही अरुंद झाली. केंद्र सरकारच्या 1990 च्या परिपत्रकांत ‘अतिक्रमणे’ आणि ‘विवाद्य दावे’ असे दोन निरनिराळे वर्ग करण्यात आले होते, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. एकाच शेताला दोन नावे असू शकतात व नावानुसार त्याचा निवाडा बदलतो, याची ती शासकीय कबुलीच होती. परंतु 3 मे 2002 च्या आदेशाने अतिक्रमणे हटविण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा दुसरा वर्ग विस्मरणात गेला आणि पहिला तेवढा उरला.

या पार्श्वभूमीवर ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006’ याचे शब्दरूप क्रांतिकारक म्हणावे लागते. त्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे विधिमंडळाच्या अधिकाराने म्हटले आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ज्यांची जमीन ताब्यात आहे त्या आदिवासींचे हक्क मान्य करावयाचे, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणास हुसकावयाचे नाही, असा त्याचा दंडक आहे. असे असूनही, ज्यांचे दावे दाखल आहेत अशा माणसांचा उल्लेख ‘अतिक्रमणधारक’ असा होत राहिला, तर तो केवळ जुन्या सवयीचा भाग मानता येणार नाही. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांतील व्यक्तींना हटविण्याचा आदेश दिला व 28 फेब्रुवारीस त्याला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत ‘फेटाळलेला दावा’ आणि ‘अतिक्रमण’ हे दोन शब्द किती सहज एकमेकांच्या जागी बसतात याचा प्रत्यय साऱ्या देशाला आला. दावा फेटाळला जाणे याचा अर्थ पुरावा अपुरा पडला एवढाच होतो. मनुष्य लबाडीने शिरला असा होत नाही.

3. ‘मान्यता’ आणि ‘वाटप’

2006 च्या अधिनियमाच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे. मान्यता पूर्वीपासून असलेल्या गोष्टीला द्यावयाची असते. नसलेली गोष्ट ‘देतात’, असलेली ‘मानतात’. अधिनियमाच्या कलमांत हक्क मान्य करणे व ते धारकाच्या ठायी निहित करणे अशा दोन क्रिया आहेत. दान करणे ही क्रिया त्यात कोठेही नाही. परंतु शासकीय कार्यक्रमांच्या आणि वृत्तपत्रांच्या मराठीत याच गोष्टीला ‘वनपट्ट्यांचे वाटप’ म्हणतात. ‘वाटप’ हा शब्द धान्याला, गणवेशाला, भांड्यांना लागतो. वाटणारा उंच जागी उभा असतो, घेणारा रांगेत असतो. ‘पट्टा’ हा शब्दही धन्याने कुळाला लिहून द्यावयाच्या कागदाची आठवण करून देणारा आहे. पट्ट्याला मुदत असते, अटी असतात आणि तो परत घेता येतो. 2006 च्या कायद्याने मिळणारा हक्क वारसाने चालणारा आहे. तो विकता येत नाही हे खरे, पण तो परत मागण्यासाठी दिलेला नाही. विवाहिताच्या बाबतीत तो पतिपत्नींच्या संयुक्त नावे नोंदवावयाचा आहे. ‘वाटप’ आणि ‘पट्टा’ या दोन शब्दांनी या साऱ्याचा अर्थ उलटा करून टाकला आहे. हक्कदार हा लाभार्थी झाला.

मराठी विधिभाषेला याहून योग्य शब्द सुचत नव्हता असे नाही. 1974 च्या, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतच्या महाराष्ट्र अधिनियमाचे क्रियापदच ‘परत करणे’ हे आहे. ते क्रियापद पूर्वस्वामित्व मान्य करते. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत येतात. यांपैकी पहिली तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण 1 एप्रिल 1957 हाच कूळकायद्यातील ‘कृषक दिन’ होय. एका कायद्याने कसणाऱ्याला मालक केले, त्याच दिवसापासून दुसऱ्या कायद्याला आदिवासीच्या हातून जमीन कशी गेली याचा हिशेब मांडावा लागला. मात्र दोन्ही कायद्यांची मर्यादा एकच होती. ज्याचे नाव कोठेतरी लिहिलेले होते त्यालाच त्यांचा उपयोग. तोंडी बोलीवर जमीन करणारा ठाकूर किंवा कातकरी हा कुळाच्या नोंदीत नव्हता, म्हणून तो मालक झाला नाही. मालक नव्हता, म्हणून त्याला परत मिळण्यासारखेही काही उरले नाही.

नोंदीच्या जागेलाही अर्थ असतो. वनहक्काची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरात व्हावी की कब्जेदाराच्या सदरात व्हावी, हा वाद परक्या माणसास कारकुनी वाटेल. परंतु मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातील वासिंद येथे थांबला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची मागणी अग्रभागी होती. ‘इतर’ या विशेषणाचा अर्थ त्या चालणाऱ्यांना नेमका कळला होता. ज्या प्रदेशातून मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे झाली, ज्यातून 2025 साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग गेला, तेथे भूसंपादनाच्या वेळी कोणत्या सदरात नाव आहे यावर कुटुंबाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

4. ‘कब्जा’ आणि ‘कसणे’

अधिनियमानुसार हक्क ‘प्रत्यक्ष कब्जा’ असलेल्या क्षेत्रापुरता, आणि जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंत मान्य होतो. ‘कब्जा’ हे नाम आहे व ते स्थितिवाचक आहे. जमीन आज, या क्षणी, कोणाच्या हाती आहे एवढेच ते सांगते. ‘कसणे’ हे क्रियापद आहे, आणि क्रियेला काळ लागतो. या प्रदेशातील शेतीची रीत पाहिली म्हणजे हा भेद व्याकरणापुरता राहत नाही.

खाचरातील भाताच्या रोपासाठी ‘राब’ भाजावा लागतो. झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून पावसाळ्यापूर्वी ते जाळतात. भाताचे खाचर म्हणून जेवढी जमीन दिसते तिच्या मागे राबासाठी लागणारी झाडोऱ्याची जमीन असते. हिलाच ‘वरकस’ म्हणतात. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, खुरासणी यांची पिके काही वर्षे घेऊन ती काही वर्षे विश्रांतीसाठी ठेवतात. मोजणीच्या दिवशी ती पडून असते. ‘कब्जा’ या नामाच्या दृष्टीने ती रिकामी आहे. ‘कसणे’ या क्रियापदाच्या दृष्टीने ती कसण्याच्याच एका अवस्थेत आहे. विसावलेले शेत आणि सोडून दिलेले शेत यांत कसणाऱ्याच्या मनात कधी घोटाळा होत नाही. नकाशात मात्र दोन्ही एकाच रंगाची दिसतात.

‘एकसाली’ हा शब्दही असाच आहे. एका वर्षाच्या मुदतीने लागवडीस दिलेली जमीन असा त्याचा अर्थ. परंतु अशी जमीन दरसाल त्याच कुटुंबाकडे राहून पिढी उलटली, तरी शब्द ‘एकसाली’च राहिला. कागदावर वर्ष, जमिनीवर आयुष्य अशी ही विसंगती. ‘दळी’ या शब्दाची गत निराळी. डोंगरउतारावरील लागवडीचा तुकडा असा त्याचा व्यवहारातील अर्थ कोकणपट्टीत रुळलेला आहे, परंतु वनखात्याच्या दप्तरात तो सवलतीचे नाव म्हणून शिरल्यामुळे, दळी करणारा मनुष्य हक्क सांगत आहे की सवलत मागत आहे हे शब्दावरून कळेनासे झाले.

सर्वांत बिकट अवस्था कातकऱ्यांची आहे. ही जमात महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. तिचे नावच खैरापासून कात पाडण्याच्या व्यवसायावरून आलेले, म्हणजे जंगलाशी असलेल्या क्रियेवरून पडलेले आहे. पुष्कळ कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर स्वतःचे, घराखालची माती परक्याची. भातकापणी उरकल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात व पावसाच्या तोंडावर परततात. उन्हाळ्यात होणाऱ्या पाहणीत ‘प्रत्यक्ष कब्जा’ शोधला तर दाराला लावलेली कुडाची ताटी तेवढी सापडावयाची. अशा जमातींसाठी 2006 च्या कायद्याने स्वतंत्र तरतूद केली असून तिचा आशय, जमातीचा संचार, उपजीविका व श्रद्धा जेवढ्या भूमीवर पसरलेल्या आहेत तेवढ्या साऱ्या ‘हॅबिटॅट’वरील सामुदायिक हक्क, असा आहे. मराठीत यासाठी ‘अधिवास’ हा शब्द वापरला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तहसील कचेरीतील अधिवासाचा दाखला येतो. डोंगर, नदी, देवस्थान आणि कंदमुळांच्या जागा मिळून होणारी भूमी एका घरपत्त्याएवढी आकसते. येथे शब्द चुकीचा निवडला गेला म्हणजे केवळ भाषांतर सदोष होते असे नव्हे, तर हक्क मागण्याची कल्पनाच मागणाऱ्याच्या मनात येत नाही.

5. ‘निवेदन’ आणि ‘जबाब’

पुराव्याच्या बाबतीत 2008 च्या नियमांनी मोठे पाऊल उचलले. लिखित कागदांबरोबरच बांधबंदिस्ती, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदन यांना तेथे पुराव्याचे स्थान आहे. दाव्याच्या पुष्ट्यर्थ यांपैकी एकाहून अधिक पुरावे पाहावयाचे आहेत. 2012 च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की उपग्रहचित्रे इतर पुराव्यास पूरक होऊ शकतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि दावा नाकारावयाचा तर कारणे लिहून नाकारावा.

परंतु मौखिक साक्ष लेखी होताना तिचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. निरक्षर वृद्धाची कालगणना सनावळीने चालत नाही. ती घटनांनी चालते. मोठा दुष्काळ, धरणाचे काम, अमक्याचे लग्न, तमक्या मुलाचा जन्म, असे तिचे टप्पे असतात. ही गणना मोघम नसते, ती परस्परसंबद्ध असते. दोन घटनांपैकी कोणती आधीची हे ती अचूक सांगते. लेखनिक जेव्हा तिचे ‘13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वहिवाट करीत आहे’ अशा ठरीव वाक्यात रूपांतर करतो, तेव्हा साक्षीतील सर्व पडताळण्याजोगा मजकूर गळून पडतो आणि पडताळता न येणारे तेवढे एक वाक्य उरते. पुढे दहा निवेदनांत तेच वाक्य आढळले म्हणजे ती साचेबंद म्हणून अविश्वसनीय ठरतात. दोष साक्षीदाराचा नसतो, लेखनाचा असतो. त्यात ‘निवेदन’ या शब्दाऐवजी व्यवहारात ‘जबाब’ हा शब्द येतो. जबाब पोलीस ठाण्यात होतात. जबाब देणारा आधीच अर्धा आरोपी असतो.

हा प्रश्न ठाणे जिल्ह्यापुरता नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील गित्क्सान व वेत्सुवेतेन या जनांनी आपल्या भूमीवरील हक्कासाठी परंपरागत मौखिक इतिहास व गीते न्यायालयापुढे ठेवली. 1991 साली प्रांतिक न्यायालयाने त्यांस पुरावा म्हणून फारसे मोल दिले नाही. 1997 साली डेल्गामूक खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन सदोष ठरवून मौखिक इतिहासाला लिखित दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान द्यावे असे सांगितले. तत्त्व म्हणून आपले 2008 चे नियम याच दिशेचे आहेत. उणीव आहे ती साक्ष टिपण्याच्या पद्धतीत.

याच संदर्भात ‘ना हरकत’ या शब्दाचाही विचार करावा लागतो. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना ग्रामसभेची संमती असावी, असे केंद्राने 2009 साली कळविले होते. संमती ही होकारात्मक क्रिया आहे, ती बोलून दाखवावी लागते. ‘ना हरकत’ म्हणजे हरकतीचा अभाव, त्याला मौनही पुरते. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरच्या धरणाचे काम वनविषयक परवानगीवाचून सुरू झाले आणि श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवरून 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबविले. त्या प्रकरणातील गावांनी मौन पाळले नाही, म्हणूनच ही वाट निघाली.

6. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रशासनाला नेमक्या परिभाषेची गरज असते, आणि 2005 नंतर खरोखरीच जंगल तोडून केलेल्या लागवडीला ‘अतिक्रमण’ म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? आक्षेप रास्त आहे. परंतु नेमकेपणाचाच आग्रह धरावयाचा तर शब्द तारखेनंतरच्या लागवडीसाठी राखून ठेवावा, निर्णय न झालेल्या दाव्याला तो लावू नये. तारीख कायद्यानेच दिलेली आहे. शब्दाचा सैल वापर हीच येथे नेमकेपणाची हानी होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शब्द बदलून जमीन मिळत नाही. ‘आदिवासी’ म्हटल्याने किंवा न म्हटल्याने कोणाची चूल पेटत नाही, असे कोणी म्हणेल. हे अर्धेच खरे आहे. शब्द जमीन देत नाहीत हे मान्य. पण ती नाकारण्याचे काम शब्दांनी चोख बजावले आहे, हे वरील उदाहरणांवरून दिसते. शिवाय बोलीतील सर्वच शब्द निर्दोष आहेत असाही दावा करता येणार नाही. ‘कातोडी’ हा शब्द गावकुसाच्या आत ज्या स्वराने उच्चारला जातो तो स्वर कोणत्याही शासननिर्णयातून आलेला नाही. आणि कायद्याने पत्नीचे नाव पतीच्या बरोबरीने लावले, तरी घरच्या बोलण्यात जमीन ‘बाबाची’च राहते. लोकभाषेचे गौरवीकरण करून शासनभाषेला झोडपणे हा येथील हेतू नाही.

1960 साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला शासनव्यवहारात स्थान मिळाले. तेव्हापासून परिभाषेचे जे प्रचंड काम झाले त्याचा ओघ इंग्रजीकडून मराठीकडे होता. राब, वरकस, दळी, एकसाली या शब्दांचा कोश मात्र उलट्या दिशेने, शेतातून कचेरीकडे, व्हावा लागेल. प्रत्येक शब्दासमोर त्याचा अर्थ, कसण्याच्या चक्रातील त्याचे स्थान, महसुली दप्तरातील त्याचा इतिहास आणि 2006 च्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो येतो याची नोंद असावी. वडीलधाऱ्यांची निवेदने त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच घटनाक्रमाने टिपण्याची पद्धतही अशाच रीतीने घालून देता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासाचे जे शिक्षण विद्यापीठे देतात, त्याहून अधिक साधनसामग्री या कामाला लागत नाही. दावे अद्याप निकालात निघावयाचे आहेत आणि साक्ष देऊ शकणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. हे काम पुढच्या पिढीच्या संशोधकांवर ढकलण्यासारखे नाही.